हेलिकॉप्टरचे खबरदारीचे लँडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उड्डाणादरम्यान तांत्रिक बिघाड जाणवल्याने हेलिकॉप्टर एखाद्या शेतात किंवा मैदानात उतरवले आणि सर्व जण सुखरूप आहेत, एवढ्यावर अशा घटनेची बातमी संपते. बिघाड कसला होता, वैमानिकाने तळापर्यंत जाण्याचा प्रयत्न का केला नाही, त्या हेलिकॉप्टरचे पुढे काय झाले, हे प्रश्न मात्र शिल्लक राहतात. त्यांतील नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

खबरदारीचे लँडिंग आणि सक्तीचे लँडिंग यांत फरक काय?

पुढे उडत राहणे शक्य आहे, परंतु ते शहाणपणाचे नाही, असे ठरवून वैमानिकाने विचारपूर्वक केलेले लँडिंग म्हणजे खबरदारीचे लँडिंग. सक्तीच्या लँडिंगमध्ये पुढे उडणेच शक्य नसते. खाली जे असेल त्यात त्यातल्या त्यात बरी जागा शोधावी लागते. तिसरा प्रकार पाण्यावर उतरण्याचा. अमेरिकेतील नागरी विमान वाहतूक नियामक एफएए याच तीन प्रकारांत मांडणी करते.

व्यवहारात हा फरक हाताशी असलेल्या वेळेचा असतो. खबरदारीच्या लँडिंगमध्ये इंजिन चालू असते, नियंत्रण वैमानिकाच्या हातात असते, जागेवरून एक फेरी मारून खालची स्थिती पाहता येते आणि जागा पसंत पडली नाही तर दुसरी निवडता येते. बिघाड वाढू दिला की हे पर्याय एकेक करून कमी होत जातात आणि खबरदारीचे लँडिंग सक्तीच्या लँडिंगमध्ये कधी बदलले हे वैमानिकाला कळतेच असे नाही.

‘तांत्रिक बिघाड’ म्हणजे नेमके काय बिघडलेले असते?

शक्यता पुष्कळ आहेत, पण काही कारणे पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिले कारण म्हणजे गिअरबॉक्सच्या किंवा इंजिनाच्या तेलात धातूचे कण असल्याचा इशारा. तेलाच्या मार्गात चुंबकीय टोक असलेला एक छोटा प्लग बसवलेला असतो, त्याला चिप डिटेक्टर म्हणतात. आतील दातेरी चाके किंवा बेअरिंग झिजून सुटलेले लोखंडी कण त्याच्या टोकाला चिकटतात, दोन टोकांमधील फट भरून निघते, विद्युतमंडल पूर्ण होते आणि वैमानिकासमोर दिवा लागतो. तेलाचा दाब कमी होणे किंवा तापमान वाढणे हे दुसरे कारण. हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्रणेचा दाब गेला तर नियंत्रणाचे दांडे एकाएकी जड होतात. जनरेटर बंद पडणे, इंधनाचा फिल्टर तुंबल्याचा इशारा, पक्षी आदळणे, केबिनमध्ये जळका वास किंवा धूर येणे, दरवाजा नीट न लागल्याचा संकेत ही आणखी काही कारणे.

कंपनांचा वेगळा उल्लेख करायला हवा, कारण त्यांच्यासाठी प्रत्येक हेलिकॉप्टरमध्ये दिवा असतोच असे नाही. मुख्य रोटरचे, म्हणजे डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांचे, संतुलन बिघडले तर हादरे संथ आणि मोठे असतात, सारी केबिन डोलल्यासारखी वाटते. शेपटीच्या रोटरकडून येणारी थरथर बारीक आणि जलद असते. ती प्रथम पायाखालच्या पेडलांत जाणवते. अनुभवी वैमानिक ‘आज काहीतरी वेगळे लागते आहे’ एवढ्या जाणिवेवरही खाली उतरतात, आणि माझ्या मते ते कारण पुरेसे आहे. पुढे अहवालात त्याला कोणते नाव द्यायचे, ते जमिनीवर ठरवता येते.

इशाऱ्याचा दिवा लागला की लगेच उतरतात का?

सरसकट नाही. प्रत्येक प्रकारच्या हेलिकॉप्टरच्या उड्डाण पुस्तिकेत कोणत्या इशाऱ्यावर काय करायचे ते लिहिलेले असते आणि त्यात निकडीच्या साधारण तीन पायऱ्या असतात. पहिली, ताबडतोब उतरा: येथे जागेची सोय दुय्यम असते, झाडांवर किंवा पाण्यात उतरावे लागले तरी चालेल, पण हवेत राहू नका. दुसरी, शक्य तितक्या लवकर उतरा: जवळात जवळ जी सुरक्षित जागा दिसेल, ती घ्या. तिसरी, सोयीनुसार लवकर उतरा: उड्डाण लांबवू नका, पण दुरुस्तीची सोय असलेल्या जवळच्या तळापर्यंत जायला हरकत नाही. दिव्यांचे रंगही याला जुळणारे असतात. लाल दिवा तत्काळ कृतीसाठी, पिवळा किंवा नारिंगी सावधगिरीसाठी.

बातमीत ज्याला खबरदारीचे लँडिंग म्हटलेले असते ते बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीचे असते. एकापेक्षा अधिक इशारे एकत्र आले की पायरी बदलते. गिअरबॉक्समधील कणांचा दिवा एकटा असेल तर एक निर्णय. त्याच्या जोडीला तेलाचे तापमान चढत असेल किंवा खरखर ऐकू येत असेल तर निर्णय दुसरा. वैमानिक दिवा पाहिल्यावर लगोलग बाकीच्या मापकांवर नजर फिरवतो, ती याच कारणासाठी.

इंजिन बंद पडले तर हेलिकॉप्टर दगडासारखे खाली पडते ना?

हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. इंजिन आणि रोटर यांच्यामध्ये सायकलच्या फ्रीव्हीलसारखी रचना असते. इंजिन थांबले तरी ते रोटरला अडवत नाही, रोटर स्वतंत्रपणे फिरत राहतो. वैमानिक डाव्या हाताचा कलेक्टिव्ह दांडा खाली करून पात्यांचा कोन कमी करतो आणि खाली येताना खालून वर जाणारी हवाच रोटर फिरता ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. खाली येण्याचा वेग बऱ्याच हेलिकॉप्टरांत मिनिटाला १,५०० ते २,००० फुटांच्या आसपास असतो, म्हणजे १,००० फुटांवरून जमीन गाठायला जेमतेम अर्धा मिनिट किंवा त्याहून थोडा अधिक वेळ मिळतो. जमिनीजवळ आल्यावर नाक वर उचलून वेग मोडायचा आणि रोटरमध्ये साठलेली गती कलेक्टिव्ह ओढून शेवटच्या क्षणी वापरायची, असे हे कौशल्य आहे. वैमानिकांकडून त्याचा सराव करून घेतला जातो.

त्याला मर्यादा आहेत. कमी उंची आणि कमी वेग एकत्र आले की रोटरची गती टिकवायला वाव उरत नाही, म्हणून कोणत्या उंचीवर कोणता वेग टाळावा याचा आलेख उड्डाण पुस्तिकेत दिलेला असतो. दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरमध्ये एक बंद पडले तर दुसऱ्याला ठरावीक काळापुरती जादा शक्ती देण्याची मुभा असते. तेवढ्याने जागेवर तरंगता येईलच असे नाही, पण पुढे उडत जाऊन सोयीच्या ठिकाणी उतरणे बहुधा साधते.

मग गिअरबॉक्सच्या इशाऱ्याची इतकी धास्ती का?

कारण ऑटोरोटेशनलाही गिअरबॉक्स धड असावा लागतो. इंजिनाला दुसरे इंजिन पर्यायी असू शकते, हायड्रॉलिक यंत्रणा दुहेरी असू शकते. पण मुख्य रोटर, त्याचा दांडा आणि त्याला फिरवणारा मुख्य गिअरबॉक्स यांना पर्याय नसतो. तो अडकला किंवा फुटला तर वैमानिकाच्या हातात काही राहत नाही.

१२ मार्च २००९ रोजी कॅनडातील न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्यापासून दूर तेलक्षेत्राकडे निघालेल्या सिकॉर्स्की एस-९२ हेलिकॉप्टरच्या मुख्य गिअरबॉक्सचे तेल गेले. तेलाच्या फिल्टरचे झाकण धरून ठेवणारे टायटॅनियमचे स्टड, म्हणजे बोल्टसारखे खिळे, तुटले होते. दाब शून्यावर आला, पण तेलाचे तापमान वाढलेले दिसेना, कारण तापमान मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत तेलच पोहोचत नव्हते. वैमानिकांनी उंची कमी केली आणि पाण्याच्या जवळून किनाऱ्याकडे जाण्याचा प्रयत्न केला. दाब गेल्यापासून सुमारे ११ मिनिटांनी हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. त्यातील १८ जणांपैकी १७ जणांचा मृत्यू झाला. गिअरबॉक्स तेलाविना ३० मिनिटे चालू शकतो अशी समजूत त्या काळी प्रचलित होती आणि ती या हेलिकॉप्टरला लागू नव्हती, हे कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीतून पुढे आले.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच १ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ सुपर प्यूमा जातीचे हेलिकॉप्टर मुख्य गिअरबॉक्स निकामी होऊन कोसळले आणि १६ जण मरण पावले. त्याच्या चिप डिटेक्टरवर आठवडाभर आधी धातूचा कण सापडला होता. तो कण कुठून आला असावा याचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि गिअरबॉक्सचा तो भाग उघडून पाहिला गेला नाही. येथे इशारा मिळाला होता, हेलिकॉप्टर जमिनीवर होते आणि वेळही होता. केवळ खाली उतरल्याने काम भागत नाही. उतरल्यावर होणाऱ्या तपासणीला लँडिंगइतकेच वजन आहे.

पुष्कळदा इशारा खोटा निघतो. मग उतरणे वाया गेले, असे म्हणावे का?

खोटे इशारे येतात, हे खरे आहे. सेन्सरची वायर सैल होते, जोडणीत ओल शिरते, नव्या गिअरबॉक्समधील धातूचा निरुपद्रवी भुसा चुंबकावर जमतो. काही हेलिकॉप्टरांत वैमानिक बटण दाबून विजेच्या क्षणिक झोताने हा बारीक भुसा जाळू शकतो. दिवा विझला आणि पुन्हा लागला नाही तर पुस्तिका पुढे जाण्याची परवानगी देऊ शकते.

पण हवेत बसलेल्या माणसाला खरा आणि खोटा इशारा सारखाच दिसतो. २०१२ मध्ये उत्तर समुद्रात घडलेल्या दोन घटना या बाबतीत फार बोलक्या आहेत. मे महिन्यात १४ जणांना घेऊन जाणारे आणि ऑक्टोबरमध्ये १९ जणांना घेऊन जाणारे, अशी एकाच प्रकारची दोन ईसी-२२५ हेलिकॉप्टरे वैमानिकांना समुद्रावर उतरवावी लागली. दोन्हींत गिअरबॉक्समधील एका उभ्या दांड्याला तडा गेला होता आणि तेलाचे दोन्ही पंप फिरेनासे झाले होते. वैमानिकांनी राखीव वंगण यंत्रणा सुरू केली. ती सुमारे ३० मिनिटे साथ देईल अशी रचना होती. काही क्षणांतच तीही बंद पडल्याचा दिवा लागला. आता पुस्तिकेनुसार ताबडतोब उतरणे भाग होते आणि त्यांनी तेच केले. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास विभागाला नंतर आढळले की राखीव यंत्रणा प्रत्यक्षात चालू होती. खोटा होता तो शेवटचा दिवा.

दोन्ही वेळी सर्व ३३ जण बचावले. वैमानिकांनी समोर दिसणाऱ्या माहितीवर योग्य निर्णय घेतला. दिव्याची यंत्रणा सुधारणे हे उत्पादकाचे आणि नियामकाचे काम. तिच्यावर उडत्या हेलिकॉप्टरमध्ये शंका घेत बसणे हे वैमानिकाचे काम नव्हे.

तळ दहा मिनिटांवर असताना शेतात उतरण्याची घाई का?

कारण त्या दहा मिनिटांची हमी कोणी देत नाही. आणि माझ्या मते संपूर्ण विषयात सर्वांत अवघड भाग हाच आहे, तंत्राचा नव्हे तर मनाचा. तळावर दुरुस्ती करणारे असतात, प्रवाशांची पुढची सोय होते, चौकशीचा ससेमिरा कमी लागतो, शिवाय आतापर्यंत यंत्र नीट चालले आहे तर आणखी थोडे चालेल, असे वाटत राहते. ‘आता आलेच आहे’ या विचाराने वैमानिक पुढे जात राहतो.

२९ नोव्हेंबर २०१३ रोजी ग्लासगोमध्ये पोलिसांचे ईसी-१३५ हेलिकॉप्टर एका पबच्या छतावर कोसळून १० जणांचा मृत्यू झाला. चौकशीत असे दिसले की इंजिनांना इंधन देणाऱ्या टाक्यांतील साठा कमी झाल्याचे इशारे पाच वेळा आले होते आणि त्यांची नोंद घेतली गेली होती. अशा इशाऱ्यानंतर १० मिनिटांत उतरावे, असे आपत्कालीन सूचनांमध्ये होते. ते घडले नाही. मुख्य टाकीत इंधन शिल्लक होते, पण ते पुढे ढकलणारे पंप बंद होते. दोन्ही इंजिने एकापाठोपाठ थांबली.

हेलिकॉप्टर व्यवसायातील आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘लँड अँड लिव्ह’ नावाची मोहीमच चालवली. बिघाड, खराब हवामान, संपत आलेले इंधन यांपैकी काहीही असो, हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही ही त्याची सर्वांत मोठी सोय आहे आणि ती वापरा, असा तिचा आशय. विमानाच्या वैमानिकाला ही चैन नसते. ती हाताशी असताना न वापरणे मला कोडेच वाटते.

उतरण्याची जागा कशी निवडतात?

आकार, भोवतालचे अडथळे, पृष्ठभाग, उतार आणि वारा या गोष्टी पाहिल्या जातात. वेळ असेल तर एक फेरी उंचावरून, एक थोडी खालून मारली जाते आणि वाऱ्याच्या समोरून उतरण्याचा मार्ग ठरतो. विजेच्या तारा हा मोठा धोका आहे, कारण हवेतून तारा दिसतच नाहीत. वैमानिक खांब शोधतो आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असे धरून चालतो. कोरड्या मातीत रोटरच्या वाऱ्याने धुळीचा लोट उठतो व शेवटच्या काही फुटांत जमीन दिसेनाशी होते. वाळलेल्या उंच गवतात तप्त धुराड्यामुळे आग लागू शकते. सैल पत्रे, ताडपत्र्या, प्लॅस्टिक उडून रोटरमध्ये जाऊ शकतात.

बिघाडाच्या प्रकारानुसार जागेची निवडही बदलते. हायड्रॉलिक दाब गेला असेल किंवा शेपटीच्या रोटरचे नियंत्रण बिघडले असेल, तर एका जागी तरंगून अलगद उतरणे धोक्याचे ठरते. पुढे वेग ठेवून घसरत उतरावे लागते आणि त्यासाठी लांब, सपाट, कठीण पट्टी हवी. अशा वेळी वैमानिक जवळचे शेत सोडून दूरच्या धावपट्टीकडे जातो, तेव्हा तो निष्काळजीपणा नसतो.

वैमानिक खाली काय कळवतो?

प्राण धोक्यात असतील तर ‘मेडे’, परिस्थिती तातडीची आहे पण तेवढी गंभीर नाही असे असेल तर ‘पॅन पॅन’. दोन्ही शब्दप्रयोग तीनदा उच्चारले जातात. रडारला आपोआप उत्तर देणाऱ्या ट्रान्सपॉन्डर यंत्रावर ७७०० हा संकेतांक लावला की रडारवर आणीबाणी दिसते. हवाई आणीबाणीसाठी १२१.५ मेगाहर्ट्झ ही राखीव वारंवारता आहे. तीव्र धक्का बसला तर आपत्कालीन प्रेषक ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांच्या कोस्पास-सारसॅट व्यवस्थेला आपोआप संदेश पाठवतो. सौम्य लँडिंगमध्ये तो सुरू होत नाही, त्यामुळे दुर्गम भागात उतरल्यावर गरज असेल तर वैमानिक तो हाताने सुरू करतो. बोलण्याआधी यंत्र सांभाळणे हा क्रम ठरलेला असल्याने काही वेळा पहिला निरोप उतरल्यानंतरच पोहोचतो.

समुद्रावर असताना असे झाले तर?

समुद्रावर खबरदारी घेण्याची किंमत फार वाढते. त्यामुळे तेथे वैमानिक किनारा, जहाज किंवा तेलफलाट गाठता येतो का, याचा हिशेब आधी करतो आणि पुष्कळदा पाण्याच्या जवळून उडत जातो, म्हणजे गरज पडलीच तर लगेच उतरता येते. समुद्रावर नियमित जाणाऱ्या हेलिकॉप्टरांना पाण्यावर तरंगत ठेवणारे, हवेने फुगणारे फुगे बसवलेले असतात. तरीही इंजिने आणि गिअरबॉक्स छतावर असल्याने हेलिकॉप्टर वरून जड असते आणि लाटांत उलटू शकते. जीवनरक्षक जॅकेट केबिनच्या आत फुगवू नये, हा नियम त्यामुळेच: पाणी भरलेल्या, उलटलेल्या केबिनमध्ये फुगलेले जॅकेट माणसाला दरवाजापासून दूर वर ढकलते.

प्रवाशाने काय करावे?

शक्य तितके थोडे, पण नीट. पट्टा घट्ट करावा, हेडसेट काढू नये, चष्मा व टोकदार वस्तू सांगितल्याप्रमाणे बाजूला ठेवाव्यात, दरवाजा कसा उघडतो ते पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे आणि वैमानिकाशी अकारण बोलू नये. पिशव्या, पट्टे, कॅमेऱ्याच्या दोऱ्या नियंत्रणाच्या दांड्यांजवळ जाऊ देऊ नयेत. ही सूचना किरकोळ वाटते, पण ११ मार्च २०१८ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये हेलिकॉप्टर उतरवावे लागले, ते एका प्रवाशाच्या सुरक्षापट्ट्याची दोरी हेलिकॉप्टरच्या तळालगतच्या, इंधन बंद करण्याच्या दांड्यात अडकल्यामुळे. पाच प्रवासी पट्ट्यांत जखडून बुडाले, वैमानिक वाचला.

जमिनीला टेकल्यावर लगेच उतरू नये. आग किंवा धूर नसेल तर टर्बाइन इंजिन थंड होण्यासाठी एक-दोन मिनिटे मंद गतीवर चालू ठेवले जाते आणि रोटर पूर्ण थांबायला आणखी वेळ लागतो. वैमानिक सांगेल तेव्हाच आणि सांगेल त्याच बाजूने बाहेर पडावे.

हेलिकॉप्टर आपल्या शेतात किंवा मैदानात उतरले तर लोकांनी काय करावे?

पहिली गोष्ट, धावत जवळ जाऊ नये. सुखरूप उतरलेल्या हेलिकॉप्टरभोवती जमणारी गर्दी हाच अनेकदा त्या घटनेतला सर्वांत मोठा धोका असतो. शेपटीचा रोटर इतक्या वेगाने फिरतो की तो डोळ्यांना दिसत नाही, आणि बहुतेक हेलिकॉप्टरांत तो माणसाच्या डोक्याच्या किंवा छातीच्या उंचीवर असतो. मागून कधीही जाऊ नये. मुख्य रोटर वरून जाताना सुरक्षित उंचीवर भासतो, पण गती मंदावली की पाती खाली झुकतात आणि वाऱ्याच्या झोतासरशी आणखी खाली येतात. उतारावर उतरलेले असेल तर वरच्या बाजूने मुळीच जवळ जाऊ नये, कारण त्या बाजूला जमीन आणि पाते यांमधील अंतर सर्वांत कमी असते.

मुलांना व जनावरांना दूर न्यावे. पोलिसांना कळवावे आणि जागेची खूण नीट सांगावी. वैमानिकाने हाताने खूण करून बोलावले तरच, त्याला दिसेल असे समोरून किंवा बाजूने, वाकून पुढे जावे. टोपी, उपरणे, ओढणी आधी हातात धरावी. धूम्रपान करू नये. यंत्राचा तुटलेला किंवा गळालेला तुकडा सापडला तर तो उचलू नये, जागा दाखवावी; तपासणाऱ्यांसाठी तो कुठे पडला हेही महत्त्वाचे असते. दरवाजाला लोंबकळून छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा. पातळ पत्र्याचे आणि संमिश्र पदार्थांचे हे यंत्र दिसते तितके दणकट नसते, आणि सुस्थितीत उतरलेले हेलिकॉप्टर बघ्यांमुळे दुरुस्तीला न्यावे लागणे यासारखी दुसरी नामुष्की नाही.

लष्करी हेलिकॉप्टर असेल तर परिसर वेढला जातो आणि तंत्रज्ञ येईपर्यंत कोणालाही जवळ येऊ दिले जात नाही. २९ मे २०२३ रोजी मध्य प्रदेशातील भिंडजवळ भारतीय हवाई दलाचे अपाचे हेलिकॉप्टर अशाच खबरदारीने मोकळ्या जागेत उतरले होते.

जमीनमालकाची परवानगी लागते का?

आणीबाणीत नाही. सुरक्षेसाठी अत्यावश्यक असेल तर मुख्य वैमानिकाला नेहमीचे नियम बाजूला ठेवण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे. पिकाचे नुकसान झाल्यास भरपाईचा प्रश्न स्वतंत्रपणे, त्या देशाच्या कायद्यानुसार सोडवला जातो.

उतरल्यावर काय तपासतात?

कणांच्या इशाऱ्याचे उदाहरण घेऊ. अभियंता चिप डिटेक्टर फिरवून बाहेर काढतो आणि त्याच्या टोकावरचे तेल पांढऱ्या स्वच्छ कापडावर किंवा कागदावर टिपतो. करड्या मलईसारखा बारीक लेप दिसला तर ती बहुधा नेहमीची झीज असते. चमकदार खपली, सुईसारखा तुकडा किंवा नखाने जाणवेल एवढा कण दिसला की चेहरे गंभीर होतात. त्याचा आकार, जाडी आणि संख्या नोंदवली जाते, छायाचित्र काढले जाते आणि गरज असेल तर तो कोणत्या मिश्रधातूचा आहे हे प्रयोगशाळेत पाहिले जाते, कारण त्यावरून तो बेअरिंगचा की दातेरी चाकाचा हे ओळखता येते. फिल्टर उघडला जातो. पुस्तिकेतील मर्यादेत असेल तर तेल बदलून, इंजिन जमिनीवर चालवून प्लग पुन्हा तपासला जातो. मर्यादेबाहेर असेल तर गिअरबॉक्स काढला जातो.

अनेक मोठ्या हेलिकॉप्टरांत कंपनांची सतत नोंद ठेवणारी एचयूएमएस यंत्रणा असते. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांजवळ चिनूक हेलिकॉप्टर गिअरबॉक्समधील बिघाडाने कोसळून ४५ जण मरण पावले, त्यानंतर तिच्या विकासाला वेग आला. तिच्या नोंदी उतरवून घेतल्या की बिघाड आज उद्भवला की काही दिवसांपासून वाढत होता, हे कळू शकते. कॉकपिटमधील संभाषण नोंदवणारे यंत्र जुन्या नोंदीवर नवी नोंद चढवत जाते, म्हणून घटना गंभीर असेल तर त्याचा वीजपुरवठा तोडून ठेवतात.

ही घटना अपघात म्हणून नोंदवली जाते का?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टानुसार मृत्यू, गंभीर दुखापत किंवा यंत्राचे मोठे नुकसान झाले तर तो अपघात. अपघात होता होता टळला असेल तर ती गंभीर घटना. त्याखालोखाल साधी घटना. कोणालाही इजा न होता झालेले खबरदारीचे लँडिंग सहसा शेवटच्या गटात येते, मात्र मूळ बिघाड गंभीर असेल तर वरच्या गटात जाते. भारतात अपघात व गंभीर घटनांची चौकशी विमान अपघात तपास ब्यूरो करतो. बिघाडाची माहिती नियामकाला आणि उत्पादकाला देणे मात्र सर्वच बाबतींत महत्त्वाचे असते. एका हेलिकॉप्टरमध्ये सापडलेला तडा दुसऱ्या शंभरांत शोधता येतो, तो त्यामुळेच.

एखाद्या प्रकारचे हेलिकॉप्टर वारंवार असे उतरत असेल तर ते धोकादायक समजावे का?

नुसत्या संख्येवरून काही ठरत नाही. ज्या ठिकाणी वैमानिकांना उतरण्याबद्दल जाब विचारला जात नाही, तेथे अशी लँडिंग जास्त दिसतील आणि ते चांगलेच आहे. पाहायचे ते हे, की तोच भाग पुन्हा पुन्हा बिघडतो आहे का. तसे असेल तर सर्व हेलिकॉप्टरे थांबवून तपासणी केली जाते. ८ मार्च २०२३ रोजी भारतीय नौदलाचे ध्रुव हेलिकॉप्टर मुंबईजवळ समुद्रात उतरवावे लागले आणि तिघे कर्मचारी बचावले, त्यानंतर त्या प्रकारच्या हेलिकॉप्टरांची उड्डाणे थांबवून तपासणी करण्यात आली होती.

ते हेलिकॉप्टर तेथूनच पुन्हा उडते का?

बिघाड किरकोळ असेल, अभियंत्याने तो दूर करून कागदावर सही केली असेल आणि जागा उड्डाणाला योग्य असेल तर त्याच दिवशीही उडते. काही वेळा प्रवाशांविना, ठरावीक अटींवर, फक्त दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत नेण्याची विशेष परवानगी घेतली जाते. वैमानिकाने स्वतःच दिवा विझल्याचे पाहून पुन्हा उड्डाण करणे मात्र, पुस्तिकेत तशी स्पष्ट मुभा नसेल तर, उतरण्याचा सारा फायदा घालवण्यासारखे आहे.

उडवता येत नसेल तर पाती काढून ट्रकवर चढवतात. रस्ता नसलेल्या ठिकाणी दुसऱ्या मोठ्या हेलिकॉप्टरला टांगून नेतात आणि हे काम वाटते त्याहून कठीण असते, कारण टांगलेले हेलिकॉप्टर वाऱ्यात फिरू व झोके घेऊ लागते. केदारनाथ येथे २४ मे २०२४ रोजी बिघाडामुळे तातडीने उतरलेले एक हेलिकॉप्टर ३१ ऑगस्टला दुरुस्तीसाठी हवाई दलाच्या एमआय-१७ ला टांगून नेले जात होते. वाटेत तोल बिघडू लागल्याने वैमानिकाला ते मोकळी जागा पाहून खाली सोडून द्यावे लागले. त्यात कोणाला इजा झाली नाही, पण दुरुस्त करण्यासारखे हेलिकॉप्टर मात्र उरले नाही.